बीटल्सच्या गीतसंपदेची मागची बाजू

'येस्टरडे', 'हे ज्यूड', 'लेट इट बी' ही गीते पाश्चात्त्य संगीत मुद्दाम कधी न ऐकणाऱ्यांच्याही कानांवरून गेलेली असतात. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या लिव्हरपूलच्या चौकडीने १९६२ ते १९७० या अवघ्या आठ वर्षांत जी गीते प्रसिद्ध केली, त्यांची संख्या सर्वसाधारणपणे २१३ मानली जाते. त्यांपैकी १८८ गीते त्यांची स्वतःची आणि २५ इतरांची. एकाच गीताच्या निरनिराळ्या आवृत्त्या वेगळ्या धरल्यास हा आकडा थोडा पुढेमागे होतो. इतक्या मर्यादित गीतसंपदेतही मूठभर गीते जगभर अखंड वाजत राहिली आणि बरीचशी मागे पडली. ती मागे पडण्याचे कारण पुष्कळदा त्यांच्या गुणवत्तेत सापडत नाही. तबकडीवर त्यांना कोणती जागा मिळाली, यात सापडते.

गीतसंपदेची मांडणी

साठच्या दशकात ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिका तीन प्रकारांत विकल्या जात. मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन्ही बाजूंस एकेक गीत असलेली सात इंची तबकडी म्हणजे 'सिंगल'. त्याच आकाराची, पण बहुधा चार गीतांची ती 'ई.पी.'; आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी म्हणजे 'एल.पी.' अथवा अल्बम. सिंगलसाठी ग्राहकाने एकदा पैसे मोजले असतील, तर तेच गीत अल्बममधून त्याला पुन्हा विकू नये, असा संकेत बीटल्स, त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ईएमआय कंपनीचे 'पार्लोफोन' हे लेबल यांनी बऱ्याच अंशी पाळला. परिणामी त्यांची कित्येक महत्त्वाची गीते मूळ ब्रिटिश अल्बमांत नाहीत.

अमेरिकेत चित्र वेगळे होते. तेथील कॅपिटॉल कंपनीने चौदा गीतांचे ब्रिटिश अल्बम कापून अकरा-बारा गीतांचे केले, उरलेली गीते व सिंगल्स जोडून नवे अल्बम काढले आणि त्यांना स्वतःची नावे दिली. त्यामुळे बीटल्सचे नेमके अल्बम कोणते, या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्ये एक आणि न्यूयॉर्कमध्ये दुसरे मिळत असे.

हा घोळ निस्तरला तो कॉम्पॅक्ट डिस्क आल्यानंतर. १९८७ मध्ये मूळ ब्रिटिश क्रमाचे बारा अल्बम आणि अमेरिकेत १९६७ साली निघालेला 'मॅजिकल मिस्टरी टूर' हा प्रमाण संच ठरविण्यात आला. या तेरा अल्बमांत न बसणारी गीते १९८८ मध्ये 'पास्ट मास्टर्स' या नावाच्या दोन खंडांत एकत्र करण्यात आली. त्यांत एकूण ३३ ध्वनिमुद्रणे आहेत. बीटल्सची अल्पपरिचित गीते शोधणाऱ्यास सुरुवात येथूनच करावी लागते.

दुसऱ्या बाजूची कार्यशाळा

सिंगलच्या दोन बाजूंपैकी 'ए' बाजू विक्रीसाठी आणि 'बी' बाजू भरतीसाठी, अशी त्या काळच्या धंद्यातील समजूत होती. आकाशवाणी केंद्रांवर 'ए' बाजू वाजे, जाहिरात तिची होई. 'बी' बाजूकडे कोणाचे फारसे लक्ष नसल्यामुळे तेथे मोकळीक होती. या मोकळिकीचा बीटल्सने जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा त्यांच्या समकालीनांपैकी थोड्यांनीच केला असेल.

नोव्हेंबर १९६३ मध्ये 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' या गाजलेल्या गीताच्या पाठीवर 'धिस बॉय' निघाले. लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या तिघांनी एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहून गायलेली स्वरसंगती हे त्याचे बळ. एरवी दणदणीत ताल आणि टाळ्यांच्या साथीने गाणारे हे तरुण किती संयमाने गाऊ शकतात, हे प्रथम या गीतातून कळते. एप्रिल १९६५ च्या 'टिकेट टू राइड' मागील 'येस इट इज' हे त्याच वळणाचे गीत. 'धिस बॉय' पुन्हा लिहिण्याचा तो फसलेला प्रयत्न होता, असे लेननचे नंतरचे मत. श्रोत्यांना मात्र त्यातील गुंतागुंतीची तीन आवाजांची बांधणी आणि हॅरिसनच्या गिटारचे, पायाने चालवायच्या नियंत्रकामुळे फुगत येणारे सूर आजही थांबवून ठेवतात.

'हेल्प!' या गीताच्या पाठीवरील 'आय अॅम डाउन' हे याच्या अगदी उलट प्रकृतीचे. मॅकार्टनीने घसा फोडून गायलेले हे रॉक अँड रोल १४ जून १९६५ रोजी ध्वनिमुद्रित झाले. त्याच दिवशी, त्याच स्टुडिओत, त्याच गायकाने 'येस्टरडे' हे शांत गीतही ध्वनिमुद्रित केले. पहिले मागच्या बाजूला गेले, दुसरे जगातील सर्वाधिक गायकांनी गायलेल्या गीतांपैकी एक ठरले.

मागच्या बाजूवरील सर्वांत धाडसी गीत मात्र 'रेन' होय. जून १९६६ मध्ये 'पेपरबॅक रायटर'च्या मागे ते आले. वाद्यमेळ मुद्दाम जलद वाजवून घेऊन फीत नंतर सावकाश फिरवण्यात आली. त्यामुळे ढोल आणि गिटार यांच्या नादाला एक जडपणा व खोली आली. गीताच्या शेवटी लेननचा आवाज उलटा ऐकू येतो. घरी नेलेली फीत आपण चुकून उलटी लावली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे लेनन सांगे; ती कल्पना आपली होती, असे मार्टिन यांचे म्हणणे. आपल्या कारकिर्दीतील सर्वोत्तम वादन या गीतात आहे, असे रिंगो स्टार यांनी अनेकदा सांगितले आहे. याच महिन्यांत आकारास येत असलेल्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बममधील प्रयोगांवर शेकडो पाने लिहिली गेली. त्याच प्रयोगशाळेतून निघालेले 'रेन' अल्बमबाहेर राहिले म्हणून त्याला ती कीर्ती लाभली नाही.

हॅरिसनच्या वाट्याची जागा

बीटल्सची बहुसंख्य गीते लेनन-मॅकार्टनी या संयुक्त नावाने प्रसिद्ध होत. जॉर्ज हॅरिसनचे पहिले गीत 'डोन्ट बॉदर मी' १९६३ च्या दुसऱ्या अल्बममध्ये आले. पुढे अल्बममागे एक-दोन गीते एवढीच जागा त्याला मिळे. 'रिव्हॉल्व्हर'मध्ये ती तीनवर गेली. सिंगलच्या दोन्ही बाजू मात्र १९६८ पर्यंत लेनन-मॅकार्टनी यांच्याकडेच राहिल्या.

या वाटणीला मानाइतकीच पैशाचीही बाजू होती. तबकडी एकच विकली जात असल्याने दोन्ही बाजूंच्या गीतकारांना विक्रीवरील रॉयल्टी सारखीच मिळे. लाखोंनी खपणाऱ्या सिंगलची मागची बाजू लाभणे ही म्हणूनच लहान गोष्ट नव्हती. गीतांच्या प्रकाशनासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली 'नॉर्दर्न साँग्ज' ही कंपनी १९६५ मध्ये भागबाजारात आली, तेव्हा लेनन व मॅकार्टनी यांच्याकडे तिचे मोठे हिस्से होते. हॅरिसन आणि स्टार यांचा वाटा दोघांचा मिळून दोन टक्क्यांहूनही कमी होता. हॅरिसनने आपली नाराजी गीतातूनच नोंदवली. 'ओन्ली अ नॉर्दर्न साँग' हे त्याचे उपरोधिक गीत फेब्रुवारी १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर'साठी ध्वनिमुद्रित झाले, परंतु अल्बममध्ये घेतले गेले नाही. पुढे १९६८ च्या 'यलो सबमरीन' या व्यंगचित्रपटात आणि जानेवारी १९६९ च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये त्याची सोय लावण्यात आली. १९६८ मध्ये शंभरावर वेळा वाजवून पाहिलेले त्याचे 'नॉट गिल्टी' तर ऐन वेळी वगळले गेले. ते हॅरिसनने १९७९ च्या स्वतःच्या अल्बमसाठी नव्याने गायले.

फोर्टमध्ये मुद्रित झालेले गीत

हॅरिसनला सिंगलवर पहिली जागा मिळाली ती १५ मार्च १९६८ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूवर. 'दि इनर लाइट' हे ते गीत. त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईत आला होता. फोर्ट भागात फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तेथे स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची सोय नसल्याने दोन ट्रॅकचे यंत्र कोलकात्याहून आगगाडीने आणवण्यात आले, आणि ही व्यवस्था ईएमआयच्या भारतीय कंपनीचे भास्कर मेनन यांनी केली, अशी आठवण हॅरिसनने सांगितली आहे. रस्त्यावरील वाहनांचा आवाज स्टुडिओत शिरत असे, हेही त्याच्याच आठवणीत येते. चित्रपटाचे काम आटोपत आले असता त्याने आणखी काही वाद्यसंगीत मुद्रित करून घेतले. त्यातील एका बंदिशीवर पुढे 'दि इनर लाइट' उभे राहिले.

शब्दांमागेही अशीच वेगळी वाट आहे. केंब्रिज येथील संस्कृतचे अभ्यासक आणि भगवद्गीतेचे इंग्रजी अनुवादक ह्वान मास्कारो यांनी हॅरिसनला आपले 'लॅम्प्स ऑफ फायर' हे संकलन पाठवून, त्यातील लाओत्झूच्या 'ताओ ते चिंग' ग्रंथाच्या एका भागाला चाल लावण्याचे सुचविले. त्या ग्रंथाच्या ४७ व्या प्रकरणावर गीताचे शब्द बेतलेले आहेत. चिनी तत्त्वचिंतन, संस्कृतच्या अध्यापकाची शिफारस, मुंबईतील वादक आणि लिव्हरपूलचा गायक, असा हा मेळ अडीच मिनिटांहून थोड्या अधिक काळात सामावलेला आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत हॅरिसनने गायनाची भर घातली. शेवटच्या ओळींना लेनन व मॅकार्टनी यांची साथ आहे. त्यानंतर काही दिवसांतच चौघे हृषीकेशला महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात दाखल झाले.

या गीताचे वेगळेपण असे की, बीटल्सच्या इतर गीतांत सतार किंवा तबला पाश्चात्त्य वाद्यांच्या सोबतीने येतो. येथे संपूर्ण वाद्यमेळ भारतीय आहे. तरीही गायनाची धाटणी साध्या इंग्रजी गीताची आहे. हॅरिसनच्या पहिल्या पुण्यतिथीला, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्मृतिसंगीतसभेत हे गीत आवर्जून सादर झाले. २०१४ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक'च्या नव्या आवृत्तीत मुंबईतील ध्वनिमुद्रणाचे निव्वळ वाद्यांचे एक वेगळे रूपही प्रसिद्ध झाले.

तबकडीवरील नावे आणि न छापलेली नावे

'लेडी मॅडोना'च्या त्या तबकडीवर एकाही भारतीय वादकाचे नाव नव्हते. सिंगलच्या लेबलावर वादकांची नावे देण्याची प्रथाच नव्हती, हे खरे. 'वंडरवॉल म्युझिक' या नोव्हेंबर १९६८ च्या अल्बमवर मात्र आशिष खाँ, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा, रिजराम देसाड आदींची नावे छापलेली आहेत. त्यामुळे चित्रपट-संगीतातील त्यांचे काम नोंदले गेले आणि कितीतरी पट अधिक खपलेल्या सिंगलवरील काम अनामिक राहिले. या गीतात नेमके कोणी काय वाजवले, याबाबत अभ्यासकांच्या याद्या म्हणूनच एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत.

याआधी १९६६ मध्ये 'रिव्हॉल्व्हर'मधील 'लव्ह यू टू' या गीतासाठी तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचे नाव अल्बमच्या वेष्टनावर छापण्यात आले होते. बाहेरच्या वादकास असा मान त्या काळी क्वचितच मिळे. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'मधील 'विदिन यू विदाउट यू' या गीतात दिलरुबा, तबला आणि तंबोरा वाजवणारे लंडनस्थित भारतीय कलावंत मात्र वेष्टनावर नामनिर्देशाविना राहिले. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही त्यांची नावे व्यापकपणे प्रकाशात आली ती २०१७ मध्ये, अल्बमच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी.

लेबलावर नाव देणे अशक्य नव्हते, याचा पुरावा बीटल्सच्याच एका सिंगलवर आहे. एप्रिल १९६९ च्या 'गेट बॅक'वर 'बीटल्स आणि बिली प्रेस्टन' असा उल्लेख आहे. अमेरिकन कीबोर्डवादक प्रेस्टन यांचे वादन दोन्ही बाजूंवर आहे. मागच्या बाजूवरील 'डोन्ट लेट मी डाउन' हे लेननच्या उत्कट गीतांपैकी एक. ते १९७० च्या 'लेट इट बी' अल्बममधून वगळले गेले आणि २००३ च्या 'लेट इट बी... नेकेड'मध्ये परत आले.

आडबाजूची आणखी काही गीते

सिंगलखेरीज इतर वाटांनी आलेली गीतेही सहज नजरेआड होतात. 'आय कॉल युअर नेम' आणि 'लाँग टॉल सॅली' ही ब्रिटनमध्ये १९६४ च्या ई.पी.वर आली. 'शी लव्हज यू' आणि 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' यांची जर्मन रूपे २९ जानेवारी १९६४ रोजी पॅरिसमध्ये मुद्रित झाली; जर्मन बाजारपेठेला परभाषेतील गीत चालणार नाही, अशी तेथील कंपनीची समजूत होती. लॅरी विल्यम्स यांचे 'बॅड बॉय' अमेरिकी अल्बमची भरती करण्यासाठी गायले गेले आणि ब्रिटिश श्रोत्यांना ते डिसेंबर १९६६ च्या जुन्या गीतांच्या संग्रहातून मिळाले.

'यलो सबमरीन'मधील 'हे बुलडॉग' हेही असेच दुर्लक्षित राहिलेले दमदार गीत. ११ फेब्रुवारी १९६८ रोजी 'लेडी मॅडोना'च्या प्रसिद्धीसाठी चित्रीकरण करायचे म्हणून चौघे स्टुडिओत जमले होते. नुसता अभिनय करण्यापेक्षा नवे गीतच मुद्रित करावे, असे ठरले आणि एका दिवसात ते पूर्ण झाले. अमेरिकेत दाखवलेल्या चित्रपटातून ते कापले गेले होते. १९९९ च्या नव्या आवृत्तीत ते पुन्हा जोडण्यात आले. 'ॲक्रॉस द युनिव्हर्स'चे पहिले प्रसिद्ध रूप डिसेंबर १९६९ मध्ये वन्यजीव निधीच्या मदतीसाठी काढलेल्या संमिश्र अल्बममध्ये होते. त्यात स्टुडिओबाहेर ताटकळणाऱ्या दोन तरुण चाहत्यांना आत बोलावून त्यांचा आवाज वापरलेला आहे.

बीटल्सच्या जीवनकाळातील ब्रिटनमधील शेवटच्या सिंगलची, म्हणजे मार्च १९७० च्या 'लेट इट बी'ची मागची बाजू याहून चमत्कारिक आहे. 'यू नो माय नेम (लुक अप द नंबर)' हे निव्वळ विनोदी गीत १९६७ मध्ये सुरू होऊन १९६९ मध्ये पुरे झाले. त्यातील सॅक्सोफोन रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सचा आहे. गीत प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या मृत्यूला आठ महिने होऊन गेले होते. आपले सर्वांत आवडते बीटल्स गीत म्हणून मॅकार्टनीने याच गीताचे नाव घेतले होते.

कपाटात राहिलेली गीते

१९९४ मधील 'लाइव्ह ॲट द बीबीसी' आणि १९९५-९६ मधील 'अँथॉलॉजी'चे तीन भाग यांमुळे अप्रकाशित साठा खुला झाला. रिंगोने गायलेले 'इफ यू हॅव गॉट ट्रबल' किंवा लेननचे झंझावाती 'लीव्ह माय किटन अलोन' ही गीते त्यांत प्रथमच अधिकृतपणे ऐकायला मिळाली. काही गीते त्यांनी इतरांना देऊन टाकली होती. 'अ वर्ल्ड विदाउट लव्ह' पीटर आणि गॉर्डन यांनी १९६४ मध्ये अग्रस्थानी नेले. 'कम अँड गेट इट' बॅडफिंगरने गाजवले. हृषीकेशहून परतल्यावर मे १९६८ मध्ये हॅरिसनच्या ईशर येथील घरी मुद्रित केलेली २७ गीतांची कच्ची रूपे २०१८ मध्ये बाहेर आली. त्यांतील 'चाइल्ड ऑफ नेचर'ची चाल लेननने पुढे 'जेलस गाय'साठी वापरली. ५ जानेवारी १९६७ रोजी एका प्रायोगिक कार्यक्रमासाठी केलेले सुमारे चौदा मिनिटांचे 'कार्निव्हल ऑफ लाइट' हे ध्वनिमुद्रण तर आख्यायिका बनले आहे.

स्वामित्वाचा प्रवास

गीते कोणाची, हा प्रश्नही या संपदेला चिकटून आहे. १९६९ मध्ये 'नॉर्दर्न साँग्ज'वर एटीव्ही कंपनीचा ताबा गेला. १९८५ मध्ये गायक मायकल जॅक्सन यांनी एटीव्हीचा संगीतविभाग ४ कोटी ७५ लाख डॉलर्सना घेतला. १९९५ मध्ये त्यात सोनी भागीदार झाली आणि २०१६ मध्ये जॅक्सन यांच्या वारसांचा हिस्सा ७५ कोटी डॉलर्सना घेण्याचा करार सोनीने केला. 'नॉर्दर्न साँग्ज'पूर्वी प्रकाशित झालेली पहिल्या सिंगलची दोन गीते, 'लव्ह मी डू' आणि 'पी.एस. आय लव्ह यू', या व्यवहारांतून वाचली आणि पुढे मॅकार्टनीच्या कंपनीकडे आली.

नोव्हेंबर २०१० मध्ये बीटल्सची गीते इंटरनेटवर विक्रीस आली आणि २४ डिसेंबर २०१५ पासून ती प्रवाहित सेवांवरही मिळू लागली. तेथे पुढची-मागची बाजू उरली नाही; 'रेन' आणि 'पेपरबॅक रायटर' एकाच यादीत, समान अंतरावर असतात. तरी जुनी प्रतवारी सवयीने टिकून राहते आणि 'दि इनर लाइट'पर्यंत पोहोचण्यासाठी ते शोधावेच लागते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरील आवाज संगणकाच्या साहाय्याने वेगळा काढून, हॅरिसनचे १९९५ मधील गिटारवादन आणि हयात असलेल्या दोघांची नवी साथ जोडून 'नाऊ अँड देन' हे शेवटचे गीत प्रसिद्ध करण्यात आले. ते सात इंची तबकडीवरही निघाले. तबकडी म्हटली की तिला दुसरी बाजू आलीच. त्या बाजूवर १९६२ चे पहिले सिंगल 'लव्ह मी डू' देण्यात आले.